अमेरिकन फुटबॉल: ड्राफ्टच्या मधल्या फेऱ्यांतल्या तरुण रनिंग बॅकची पारख कशी करायची?

तुम्ही विचारलंय, की ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडतात तो) चौथ्या फेरीत घेतलेला, तुमच्या फँटसी टीममधला (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारा खेळ) रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी, पहिल्या वर्षात जेमतेम चाळीसेक वेळा चेंडू घेऊन पळाला, तर त्याला अजून एक वर्ष ठेवावं की सोडून द्यावं. मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, रविवारी आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्सची मॅच असली की घरात दुसरं काही होत नाही, आणि या बाबतीत मी चांगलाच तोंडावर आपटलोय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

२०२१ च्या ड्राफ्टमध्ये नायनर्सनी दोन रनिंग बॅक घेतले. तिसऱ्या फेरीत, ८८ वा, ओहायो स्टेटचा ट्रे सर्मन. सहाव्या फेरीत, १९४ वा, लुइझियानाचा एलायजा मिचेल. मी माझ्या फँटसी टीमसाठी अर्थातच सर्मन उचलला. मोठं कॉलेज, वरची फेरी, शिवाय आदल्या डिसेंबरात नॉर्थवेस्टर्नविरुद्ध त्याने एका मॅचमध्ये ३३१ यार्ड काढलेले. आणि सीझनच्या पहिल्याच रविवारी, डेट्रॉइटला, कोचने त्याला चक्क बाहेर बसवलं. पहिल्या पसंतीचा बॅक रहीम मोस्टर्ट दोनदा पळून गुडघ्याच्या दुखापतीने गेला आणि मिचेलने १९ वेळा चेंडू घेऊन १०४ यार्ड काढले. वर्षअखेरीस मिचेलचे ९६३ यार्ड, सर्मनचे १६७. पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत टीमने सर्मनला सोडूनही दिलं. मी मात्र त्या वर्षी त्याला डिसेंबरपर्यंत कवटाळून बसलो होतो.

तेव्हापासून मी फेरीचा अर्थ एवढाच घेतो: टीम या मुलाला किती सांभाळून घेईल. पहिल्या फेरीतला चुकला तरी खेळवतात, कारण निवडणाऱ्याची अब्रू पणाला लागलेली असते. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ती भीड उरत नाही.

मग बघायचं काय? यूट्यूबवरच्या सत्तर यार्डांच्या धावा तर अजिबात नाही. कॉलेजात ऑफेन्सिव्ह लाइन (वाट मोकळी करणारी पुढची फळी) तगडी असेल तर बॅक पाच यार्ड कुणाचाही हात न लागता जातो. मी पहिला धक्का बसल्यानंतरचे यार्ड बघतो. समोरचा अंगावर आला, तरी पाय चालू राहिले का? धक्का खाऊन पुढे पडला की मागे? ओरेगॉनचा बकी आयर्विंग अंगाने लहान, १९२ पौंडांचा, ४० यार्ड पळायला ४.५५ सेकंद, म्हणजे वेगही असामान्य नाही. पण कॉलेजात पहिला टॅकलवाला त्याला क्वचितच खाली पाडू शकायचा. टँपा बे या टीमने २०२४ मध्ये त्याला चौथ्या फेरीत घेतलं आणि पहिल्याच वर्षी त्याने २०७ वेळा पळून १,१२२ यार्ड काढले.

पण बहुतेक तरुण बॅक अडकतात ते चेंडू हातात नसताना. तुमचा बॅक दिसेल तेव्हा एक करा, चेंडूकडे बघू नका. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार संधींतली तिसरी), अजून सात यार्ड काढायचे बाकी, पास फेकणारा क्वार्टरबॅक मागे उभा आणि बाजूला हा. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात यायच्या, आधी त्याची मान हलते का बघा. समोरच्या टीमचा बचावपटू, लाइनबॅकर, कुठून घुसणार याचा तो अंदाज घेत असतो. स्नॅप झाला की नियम साधा आहे: आधी आतला, मग बाहेरचा, कारण क्वार्टरबॅकपर्यंतची जवळची वाट मधूनच जाते. चांगला बॅक एक पाऊल पुढे टाकून, गुडघे वाकवून, सहा फुटांहून उंच आडदांड माणसाला छातीवर घेतो. कच्चा बॅक बाहेरच्याकडे बघत राहतो, आतला मोकळा सुटतो, आणि कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक पाठीवर पडतो. असं दोनदा झालं की पोरगा बाकावर, मग पाय कितीही चपळ असोत.

कायरन विल्यम्स याच गुणावर टिकला असं माझं मत. नोत्र दाम कॉलेजला असतानाच त्याच्या ब्लॉकिंगचं, म्हणजे असं अडवण्याचं, नाव होतं. पण ४० यार्ड पळायला ४.६५ सेकंद लागले आणि २०२२ मध्ये तो पाचव्या फेरीपर्यंत, १६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला. पहिल्या वर्षी आधी पाय मोडला, मग पहिल्याच मॅचमध्ये घोटा गेला. अख्ख्या वर्षात ३५ वेळा पळाला, १३९ यार्ड. तुमच्या माणसाहूनही कमी! दुसऱ्या वर्षी त्याच्या टीमने, रॅम्सनी, त्याच्या पुढच्या कॅम एकर्सला मिनेसोटाच्या टीमला देऊन टाकलं, आणि कायरनने १२ मॅचमध्ये १,१४४ यार्ड काढले.

अर्थात नुसत्या ब्लॉकिंगवर किंवा पास झेलण्यावरही संसार होत नाही. तेव्हा टँपाचाच असलेला रशाद व्हाइट, तिसऱ्या फेरीतला, पास झेलण्यात पक्का. २०२३ मध्ये त्याने ६४ पास झेलले, पण २७२ वेळा पळून ९९० यार्ड, म्हणजे दर खेपेला ३.६. शेजारी आयर्विंग येऊन उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी व्हाइटचा वाटा निम्म्यावर आला.

एक गोष्ट डोक्यात ठेवा: ड्राफ्ट झालेल्यांचा पहिला करार चार वर्षांचा, आणि पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीतल्यांसाठी. मधल्या फेरीतला बॅक क्लबला स्वस्तात मिळतो, तो दमेपर्यंत वापरतात, मग गरज सरो वैद्य मरो. म्हणून तुमच्या हाती दोन-तीन चांगली वर्षं लागली तरी खूप. म्हातारपणापर्यंत सांभाळायचा माल नाही हा.

तर, त्याच्या पुढे उभा असलेला बॅक कराराच्या शेवटच्या वर्षात असेल किंवा सारखा दुखापतग्रस्त असेल, तर मी ठेवला असता. टीमने या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत नवा बॅक घेतला असेल तर आजच सोडा. यातलं काहीच नसेल तर ऑगस्टपर्यंत थांबा. प्रीसीझनमध्ये (सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये) चौथ्या क्वार्टरला, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत अशा पोरांविरुद्ध त्याने ऐंशी यार्ड काढले म्हणून हुरळून जाऊ नका. मुख्य क्वार्टरबॅक मैदानात असतात त्या पहिल्या दहा-बारा स्नॅप्सना, विशेषतः तिसऱ्या डाउनला, त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा.