चार कोर्समध्ये अडकलेल्यांसाठी

अगं, स्पीच थेरपी, न्यूट्रिशन, नाटक आणि स्टॅट्स, चारही आवडतात म्हणतेस तर घाबरू नको, मीपण बारावीनंतर असाच घोळ घातला होता. मी शेवटी बीएएसएलपी केलं, म्हणजे स्पीच थेरपी आणि ऑडिऑलॉजीची (कानाच्या, ऐकण्याच्या तपासणीची) डिग्री, तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप, बारावीला सायन्स लागतंच. एक गोष्ट आधी बघ, कोर्सला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, कारण त्यांच्याकडे रजिस्ट्रेशन नसेल तर प्रॅक्टिसच करता येत नाही, आणि हे फी भरल्यावर कळून उपयोग नाही. हा कोर्स शिकवणाऱ्या संस्था म्हणजे मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, म्हैसूरला आयश (ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग), दोन्ही सरकारी.

आणि लोकांना वाटतं आम्ही फक्त बोबड्या पोरांना र म्हणायला शिकवतो! स्ट्रोकनंतर गिळता येत नाही अशा पेशंटला डाळीचं पाणी किती घट्ट करून द्यायचं हे आम्ही बघतो आणि त्यात प्रोटीन-कॅलरी कशा बसवायच्या ते डाएटिशियन, म्हणजे तुझं न्यूट्रिशन तिथं आलंच. आवाज बसलेले नटही येतात, शिक्षक तर विचारूच नको. स्टॅट्सचा पेपर असतो, तो टाळता येत नाही (मला जेमतेम पास होता आलं).

फक्त बॅकस्टेज, लाइट्स, प्रॉडक्शनच करायचं असेल तर मात्र पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बघ, तिथं नाटक शिकवतात, ते वेगळंच विश्व आहे. फॉर्म भरायच्या आधी कुठल्यातरी क्लिनिकमध्ये परवानगी काढून दोन दिवस नुसती कोपऱ्यात बस, एकच शब्द पन्नासदा म्हणून घेताना कंटाळा येतो का बघ.