जपानी रॉक ऐकताना आधी मात्रा मोजा, कॉर्ड नंतर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. जपानी रॉक गाण्याचा कोरस आला की पोटात कालवल्यासारखं का होतं, आणि त्याचं कारण म्हणून जो तो एकच कॉर्डचा क्रम पुढे करतो, तेवढं पुरे आहे का? दुसरी गोष्ट म्हणजे ऑक्टोबरात गिटार घेऊन पंधरा दिवस जपानला जाताय, तर कुठे जावं? मी पुण्यात मराठी गाणी करणाऱ्या एका बँडमध्ये बेस वाजवतो. तीनदा जपानला जाऊन आलोय. त्यातली एक खेप जवळजवळ पूर्ण छोट्या लाइव्ह हाऊसांत, म्हणजे बँड जिथे प्रत्यक्ष वाजवतात त्या जागांत, उभं राहून गाणी ऐकण्यात गेली. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्रच देतो, कारण पहिल्याचं उत्तर मला तिथे गेल्यावरच सापडलं.

आधी तो कॉर्डचा क्रम. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर. जपानीत त्याला 'ओदो शिंको' म्हणतात, म्हणजे राजमार्ग. सी स्केलमध्ये एफ, जी, ई मायनर, ए मायनर. जी वाजला की कान सी ची वाट बघतो, आपल्या भाषेत षड्जाची. पण येतो ई मायनर. त्यात सी कॉर्डचे दोन सूर, गंधार आणि पंचम, आहेत. खुद्द षड्ज मात्र नाही. घराचं दार दिसतं, आत जाता येत नाही. तिथून गाणं ए मायनरकडे वळतं आणि परत एफ पासून सुरू होतं. कोरसला तिथले वादक 'साबी' म्हणतात. असंख्य गाण्यांची साबी याच चार कॉर्डवर उभी आहे, म्हणून तुमच्या पोटात जे होतं त्यात याचा वाटा आहेच.

पण याच चार कॉर्डवरची पन्नास गाणी मी एका बैठकीत ऐकली आहेत, आणि त्यातली चाळीस दुसऱ्या दिवशी आठवतही नव्हती. तेव्हा नुसत्या कॉर्डने भागत नाही.

दुसरा प्रसिद्ध क्रम शीना रिंगो या गायिकेच्या 'मारुनोउची सॅडिस्टिक' या गाण्याच्या नावानेच ओळखला जातो. तिच्या १९९९ च्या पहिल्या अल्बममधलं हे गाणं. एफ मेजर सेव्हन, मग ई सेव्हन, मग ए मायनर. ई सेव्हनमध्ये जी शार्प हा स्केलबाहेरचा सूर येतो आणि खोली एकदम काळोखी होते. ग्रोव्हर वॉशिंग्टन आणि बिल विदर्स यांच्या 'जस्ट द टू ऑफ अस' या अमेरिकन गाण्यातही हाच क्रम आहे. म्हणजे क्रम जपानी नाहीच. जपानी आहे ते त्यावर बसवलेलं शहर. मारुनोउची ही टोकियोतली भुयारी रेल्वेची लाइन, आणि गाण्यात त्या लाइनवरची ठिकाणं येतात. ओचानोमिझुला पोचल्यावर ती रिकेनबॅकर ६२० ही गिटार मागते आणि सांगते की १ लाख ९० हजार येन माझ्याकडे नाहीत. ओचानोमिझु स्टेशनातून बाहेर पडा, समोरच्या उतारावर दोन्ही बाजूंनी गिटारची दुकानं आहेत. मी तिथे एका काचेसमोर किमतीची पाटी वाचत उभा होतो आणि कानात हे गाणं होतं. पैसे नसलेल्या वादकाचं ते वाक्य मला तिथे आतपर्यंत लागलं.

आता माझ्या मते खरी गोष्ट काय आहे ती सांगतो.

जपानी भाषा मात्रांवर चालते. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण लघु एक आणि गुरू दोन हे आपण शाळेत वृत्तं शिकताना बोटांवर मोजलेलं असतं. टोकियो हे नाव आपण पटकन म्हणून टाकतो. जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ अशा चार मात्रा मोजतो. 'निप्पोन', म्हणजे जपान, नि-प्-पो-न्, पुन्हा चार. तो अर्धा प् आणि शेवटचा न् सुद्धा पूर्ण मात्रा घेतो. इंग्रजीतला 'स्ट्राइक' हा शब्द एका ठोक्यात संपतो, तोच जपानीत सु-तो-रा-इ-कु असा पाच मात्रांचा होतो. रूढ पद्धत अशी की प्रत्येक मात्रेला एक सूर. मग इंग्रजी रॉकच्या जागेत जपानी शब्द बसवायचे कसे?

हा प्रश्न तिथे १९७० च्या सुमारास फार गांभीर्याने वादला गेला. जपानीत रॉक होऊ शकतो का, यावर मासिकांतून चर्चा झाल्या. रॉक गायक उचिदा युया आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत होते की जगापर्यंत पोचायचं तर इंग्रजीत गा. त्यांनी पुढे आणलेला फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड इंग्रजीतच गायचा. समोरच्या बाजूला 'हॅपी एंड' हा चौघांचा बँड होता: होसोनो हारुओमी, ओताकी एइची, सुझुकी शिगेरू आणि ड्रम वाजवता वाजवता गाणी लिहिणारे मात्सुमोतो ताकाशी. १९७१ च्या 'काझेमाची रोमान' या अल्बममध्ये त्यांनी उत्तर देऊन टाकलं.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. "मराठीत रॉक होत नाही, शब्द जड आहेत," हे आमच्या बँडला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की आम्हीही ते अर्धं मान्य केलं होतं. आमचा गिटारवाला आधी इंग्रजी धाटणीचा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, बनवायचा आणि मग मी त्यात मराठी शब्द कोंबायचो. जोडाक्षरं तुटायची, ऱ्हस्वाचं दीर्घ व्हायचं, ऐकणाऱ्याला शब्द कळायचे नाहीत.

त्या अल्बममधलं 'काझे ओ आत्सुमेते' हे गाणं लावा आणि बोटांवर मोजा. का-झे-ओ-आ-त्सु-मे-ते: सात मात्रा. अर्थ, वारा गोळा करून. पुढे, निळ्या आकाशात भरारी मारायची आहे, असं येतं: आ-ओ-झो-रा-ओ, पाच. का-के-ता-इ-न्-दे-सु, सात. पाच आणि सात! हायकूचा, तांकाचा, जुन्या जपानी कवितेचा सांगाडा त्या सैलसर अमेरिकन वळणाच्या गिटारखाली जसाच्या तसा उभा आहे. होसोनो घाई करत नाहीत, शब्द मोडत नाहीत, स्वर लांबवून मात्रेला तिची पूर्ण जागा देतात. आणि तो शेवटचा 'देसु'. जपानी शिकताय म्हणून तुम्हाला तो कळेल: सभ्य बोलण्यातला शेवट, अनोळखी माणसाशी बोलताना वापरतात तो. रॉक गाण्यात तो येणं ही धिटाई होती. ओरडून काही मागायचं नाही, शेजारच्या काकांना सांगावं तसं, मला आकाशात उडायचंय हो. ज्या टोकियोचं वर्णन ते करतात ते १९६४ च्या ऑलिम्पिकआधीचं, आओयामा, शिबुया, आझाबु या भागांतलं, पाडून टाकलेलं शहर आहे. मला वाटतं तुमच्या पोटात कालवतं ते इथे: भाषेचा सगळ्यात जुना ठेका आणि निघून गेलेली जागा एकाच ओळीत.

उलट बाजूचं उदाहरणही ऐका. १९७८ मध्ये सदर्न ऑल स्टार्स हा बँड आला आणि त्यांचे गायक कुवाता केइसुके यांनी एकेका सुरात दोन-तीन मात्रा दाबून बसवल्या, जपानी इंग्रजीसारखी वाजवली. तीही वाट खरी ठरली. आजचे बँड दोन्ही करतात: कडव्यात मात्रांचा पाऊस आणि साबीला एकदम मोकळे लांब स्वर. ती मोकळीक अंगावर येते, कारण त्याआधी तुमचा श्वास कोंडलेला असतो. खाली राजमार्गाचे कॉर्ड असले तर परिणाम दुप्पट, पण कोंडी सुटते ती शब्दांमुळे.

सुरांबद्दल थोडक्यात. 'योनानुकी' म्हणजे चौथा आणि सातवा सूर वगळलेलं सप्तक. आपला भूप. त्याच्या मायनर रूपात शिवरंजनीचा धैवत कोमल करा, झालं. शामिसेन या तीन तारांच्या जपानी वाद्याच्या जुन्या गाण्यांतलं 'मियाको-बुशी' सप्तक गुणक्रीच्या सुरांचं आहे. नुसते सूर जुळतात, राग जुळत नाही, हे ध्यानात ठेवा. पण गिटार सोलोत हे सूर आले की ओळखीचं वाटतं ते यामुळे.

जपानच्या दक्षिण टोकाची बेटं म्हणजे ओकिनावा, तिथलं सप्तक वेगळं: सा ग म प नि, तिलंगच्या आरोहासारखं. आणि त्यावरून ज्या गाण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय तिथे येतो. 'शिमा उता', बेटाचं गाणं. बँडचं नाव द बूम, गीत-संगीत मियाझावा काझुफुमी यांचं. ते ओकिनावाचे नाहीत, मुख्य जपानमधल्या यामानाशीचे. हिमेयुरी संग्रहालयात लढाईतून वाचलेल्या एका बाईंचं कथन ऐकून त्यांनी हे लिहिलं. १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत हिमेयुरी पथकाच्या २४० विद्यार्थिनी आणि शिक्षकांना लष्करी इस्पितळात कामाला नेलं होतं, त्यातले १३६ गेले. गाणं देइगोच्या फुलाने सुरू होतं: देइगो फुलला, वाऱ्याला बोलावलं, वादळ आलं. देइगो म्हणजे आपला पांगारा, तेच झाड. तिथे समजूत अशी की पांगारा भरभरून फुलला की त्या वर्षी तुफान येतं.

सान्शिन या ओकिनावाच्या तीन तारांच्या वाद्याच्या साथीने ओकिनावाच्या सप्तकात गाणं चालत राहतं आणि मग उसाच्या रानातल्या दोन ओळी येतात: तिथे तुझी भेट झाली, उसाच्या खाली कायमचा निरोप घेतला. खाली म्हणजे लोक जिथे लपले त्या चुनखडीच्या गुहा. या दोन ओळींत मियाझावांनी ओकिनावाचं सप्तक सोडलं आणि नेहमीचं, शाळेत शिकवतात ते सप्तक घेतलं. कारण त्यांनीच सांगितलंय: हे मरण मुख्य जपानने त्या लोकांवर लादलं, तेव्हा ती ओळ त्यांच्या बेटाच्या सुरांत आपण गाऊ शकत नाही. ऐकणाऱ्याला सप्तक बदललेलं कळत नाही. फक्त एकदम गार वाटतं आणि मग बेटाचे सूर परत येतात. मी दोन वर्षं हे गाणं वाजवत होतो आणि त्या जागी हात का अडखळतो हे मला समजत नव्हतं. ओकिनावातल्या इतोमानला त्या संग्रहालयात जाऊन आलो, भिंतीवरचे मुलींचे फोटो बघितले, आणि त्यानंतर ते गाणं स्टेजवर घेतलेलं नाही.

आता प्रवास. पंधरा दिवसांत ओकिनावा जमलं तर जाच, नाहीतर हे करा. एक दिवस फुजिसावाहून कामाकुराला एनोडेनने जा. १० किलोमीटरची छोटी लाइन, १५ स्टेशनं, काही ठिकाणी घरांच्या भिंतींना घासून, मग एकदम समुद्रालगत. एशियन कुंग-फू जनरेशन या बँडने २००८ मध्ये या लाइनच्या स्टेशनांवर दहा गाण्यांचा अल्बम केला आणि २०२३ मध्ये उरलेली स्टेशनं घेऊन पंधराही पूर्ण केली. प्रत्येक स्टेशनला त्याचं गाणं लावा आणि उतरा. फुजिसावाच्या गाण्यात कामाला निघालेल्या माणसाची घाई आहे, समुद्र दिसायला लागतो तशी गिटारं उघडतात. मला त्या दिवशी जेवायचंही भान राहिलं नाही.

क्योतोत ताकुताकु हे लाइव्ह हाऊस बघा. साके या तांदळाच्या दारूच्या जुन्या कोठारात १९७४ पासून चालू असलेली जागा, आत वाजवून गेलेल्या बँडच्या हाताने रंगवलेल्या पाट्या आहेत. टोकियोत शिमोकिताझावा: शेल्टर, क्लब क्यू आणि आसपासची तळघरं. शिन्जुकूहून ओदाक्यू, शिबुयाहून इनोकाशिरा लाइन. मोठं नाव शोधू नका, चार-पाच बँड प्रत्येकी अर्धा तास वाजवतात असा साधा मंगळवार निवडा. तिकिटाशिवाय एका पेयाचे पैसे दारातच द्यावे लागतात. कुठला बँड बघायला आलात, असंही विचारतील. तेव्हा एका बँडचं नाव ठरवूनच जा आणि ते सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी बँडला ठरावीक तिकिटं विकावी लागतात, नाहीतर फरक स्वतः भरावा लागतो. तुमच्या एका उत्तराने कुणाचं तरी तिकीट मोजलं जातं. एका जागी एकदा मी "कुठलाही" म्हणालो होतो. मागाहून हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

वाजवायची संधी मिळाली तर साउंड चेक उलट्या क्रमाने होतो हे माहीत असू द्या. पहिला वाजवणारा बँड शेवटी तपासतो, म्हणजे त्याचं सामान जागेवरच राहतं. संध्याकाळ असली तरी आल्याबरोबर 'ओहायो गोझाइमासु', म्हणजे सुप्रभात, म्हणायचं. वीज १०० व्होल्ट आहे, पेडलचा अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० चा आहे ना ते इथेच बघून घ्या. एकट्याने रियाझासाठी स्टुडिओ आदल्या दिवशी फोन केला तर स्वस्तात मिळतो.

शिमोकिताझावातल्या अशाच एका तळघरात ओळखीच्या बँडने मला दोन गाण्यांसाठी स्टेजवर बोलावलं. एक मी मराठीत गायलो. नंतर त्यांच्या ड्रमरने विचारलं, त्या ओळीत सहा, सहा, सहा आणि मग चारच का? मी काही मोजलं नव्हतं. तो सांगत होता ती अभंगाची अक्षरं होती, माझ्या आजीच्या तोंडून माझ्यात उतरलेली, आणि आमच्या सगळ्या गाण्यांत नेमकी तीच एक ओळ होती जिच्यात मी शब्द कोंबले नव्हते. परत आल्यावर आम्ही ते गाणं मोडलं. आता शब्द आधी, रिफ नंतर, आणि चार अक्षरांनंतर जी जागा उरते ती बेस एकटा भरतो.