आधी रुग्णाला विचार

बेळगाव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत चांगला क्रमांक येऊनही रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी वाचून निदान करण्याची शाखा, घ्यावी की नाही या विवंचनेत तू आहेस, कारण एमडीची तीन वर्षे संपेपर्यंत फिल्म वाचण्याचे काम संगणकच करू लागेल आणि आपल्या हाती केवळ सही करणे उरेल, असे तुझ्या वर्गमित्रांनी तुला पटवून दिले आहे. ही भीती मी समजू शकते. पत्राच्या शेवटी मात्र तू लिहितेस की या शाखेत रुग्णांशी फारसा संबंध येत नाही, त्यामुळे आयुष्य शांत जाईल, असे घरच्यांना वाटते आणि तुलाही ते पटते. या एका वाक्याने मी अस्वस्थ झाले. ज्या रेडिओलॉजिस्टचा रुग्णाशी संबंध येत नाही, नेमकी त्याचीच जागा यंत्र घेणार आहे, आणि तू तर तोच या शाखेचा फायदा समजून बसली आहेस.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये टोरांटोत सांगितले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. याच हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे भाकीत फसले असे सांगून मी तुला धीर देणार नाही, कारण निव्वळ चित्र वाचण्यापुरते त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे होऊ लागले आहे. स्वीडनमध्ये ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर (स्तनांच्या एक्स-रेवर) झालेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राची मदत घेतल्यावर कर्करोग सापडण्याचे प्रमाण कमी झाले नाही आणि डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. हे मोठे यश आहे आणि ते मान्य करायला मला कोणताही संकोच नाही. पण तिथे यंत्रासमोर येणारी प्रत्येक स्त्री एकच प्रश्न घेऊन आली होती : गाठ आहे की नाही? आपल्याकडे येणारा रुग्ण कोणता प्रश्न घेऊन आला आहे हे पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ते त्यालाच विचारावे लागते. माझे सांगणे एवढेच आहे, आणि या पत्रात ते मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाची छातीची फिल्म तुझ्यासमोर आली आहे असे समज. चिठ्ठीवर 'दोन महिने खोकला' एवढेच लिहिलेले आहे. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके आहेत. सॉफ्टवेअर क्षयाची शक्यता वर्तवील, आणि चित्रापुरते त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. पण तो माणूस कित्येक वर्षे साच्यांच्या वाळूत काम करतो आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नाही. वाळूच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, सिलिकोसिसचे, ठिपके असेच दिसतात. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणजे दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात. 'काम काय करता?' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर बेडक्यात जंतू सापडत नसतानाही हा माणूस सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेईल आणि रोज त्याच धुळीत परत जाईल. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून सिलिकोसिस हा शासनाला कळवावा लागणारा व्यवसायजन्य आजार आहे आणि त्याच्या नोंदीवर कामगाराची भरपाई अवलंबून असते. तुझ्या रिपोर्टात तो शब्द आलाच नाही, तर पुढे कोणाच्याही कागदावर तो येणार नाही.

तू म्हणशील की हे विचारणे छातीच्या डॉक्टरांचे काम आहे. आहेच. पण बाह्यरुग्ण विभागातली गर्दी तू इंटर्नशिपमध्ये पाहिली आहेस, आणि चिठ्ठीवर काय लिहून येते तेही पाहिले आहेस. तिथे राहून गेलेला प्रश्न विचारण्याची शेवटची जागा आपला विभाग असतो.

आता थोडा हिशेब कर. क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने किमान ९० टक्के संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती सापडले) आणि ७० टक्के विशिष्टता (निरोगी लोकांपैकी किती निरोगी ठरले) ही अपेक्षा ठेवली आहे, आणि पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या फिल्म वाचण्यासाठी सॉफ्टवेअर वापरण्याची शिफारस २०२१ मध्ये केली आहे. एखाद्या तालुक्यात हजार लोकांची तपासणी झाली आणि त्यांत दहा जणांना खरोखर क्षय असला, तर असे सॉफ्टवेअर त्यांतले नऊ शोधून काढील. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी २९७ जणांवरही ते बोट ठेवील. म्हणजे संशयित ठरलेल्या ३०६ जणांत खरे रुग्ण नऊच. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही अशा तालुक्याच्या दवाखान्यात हे साधन हवेच, असे मी ठामपणे म्हणते. पण त्या ३०६ जणांना पुढे कोणीतरी विचारायचे आहे : ताप कधीपासून, वजन उतरले का, घरात कोणाला झाला होता का, तंबाखूच्या वखारीत काम करता की वीटभट्टीवर? एमडी करताना यंत्राची रचना जरूर शीक, आणि हा हिशेब तर तोंडपाठ असू दे. पण यंत्र शिकणे म्हणजे यंत्राशेजारी बसून राहणे, अशी समजूत करून घेऊ नकोस.

मेंढपाळ घरातल्या बाईच्या यकृतात पाण्याने भरलेली गाठ दिसते. शिकाऊ डॉक्टर नमुना घेण्यासाठी लगेच सुईकडे वळतो. थांब आणि आधी तिला विचार. ती चिकोडीकडची असली आणि मराठी तिला नीट येत नसली, तर कन्नडमध्ये विचार : 'मन्याग कुरी, नायी अदावेनरी?' घरात मेंढ्या आणि कुत्री असली, तर ती गाठ हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्यामेंढ्यांतून पसरणाऱ्या जंताची, असण्याचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, कारण तिच्यात बेसावधपणे सुई घातली आणि आतले पाणी पोटात सांडले, तर तीव्र अॅलर्जीने रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. तुझे शिक्षण मराठी आणि इंग्रजीत झाले, कन्नड कामापुरतेच येते, असे तू लिहितेस. ते कामापुरते पुरणार नाही. सीमाभागातल्या भाषेच्या वादात तुझे मत काहीही असो, आपल्या टेबलावर झोपलेल्या माणसाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि त्याने दिलेले उत्तर समजलेही पाहिजे.

अर्धांगवायूचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. मेंदूतली कोणती रक्तवाहिनी बंद झाली हे नवे सॉफ्टवेअर काही मिनिटांत दाखवते आणि तज्ज्ञाच्या फोनवर चित्रही पाठवते. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिल्यापासून मोजायचे असतात. 'सकाळी उठल्यावर बघितलं तर असे होते' असे मुलगा सांगतो, म्हणून रात्री झोपल्यापासूनची वेळ धरली जाते आणि औषधाची संधी गेली असे ठरते. सीटीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या सुनेला विचारले, तर ती सांगते की पहाटे पाचला मामंजींनी उठून म्हशीची धार काढली होती. हे उत्तर स्कॅनमध्ये कुठेही नसते.

आणि जुन्या फिल्म माग. आपल्या भागातला रुग्ण एका राज्यात मावत नाही. खानापूरचा माणूस गोव्याला बांबोळीला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, कागवाड-अथणीचा मिरजेला, आणि मग केव्हातरी आपल्याकडे येतो. या सगळ्या ठिकाणचे कागद एकत्र दाखवणारा संगणक आपल्यासमोर नसतो. ते कागद असतात त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मागितल्याशिवाय तो ती उघडत नाही. फुप्फुसातली घट्ट गाठ दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही तेवढीच असली, तर ती बहुधा निरुपद्रवी असते. मिरजेचा जुना स्कॅन मागितल्याने एखाद्याची बायॉप्सी टळते, पुन्हा होणारा सीटीचा खर्च आणि किरणांचा माराही टळतो.

२०१३ च्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटीत गाठी शोधायला सांगितल्या होत्या. त्या चित्रांत गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातलेले होते आणि त्यांपैकी २० जणांना ते दिसलेच नाही. त्यांची नजर अधू नव्हती. डोळ्याला जे शोधायला सांगितले जाते तेच तो शोधतो, म्हणून काय शोधायचे हे आधी नीट कळून घ्यावे लागते आणि ते रुग्णाकडूनच कळते. २०२३ मध्ये जर्मनीतल्या २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राफी वाचताना यंत्राने मुद्दाम चुकीचे उत्तर सुचवले. यंत्राचे उत्तर बरोबर असताना सुमारे ८० टक्के अचूक वाचणाऱ्या नवशिक्यांची अचूकता २० टक्क्यांवर घसरली आणि मुरलेल्यांचीही ४५ टक्क्यांच्या आसपास आली. यंत्र आत्मविश्वासाने काही सांगत असताना 'नाही' म्हणायचे, तर तुझ्याकडे त्याच्याजवळ नसलेली माहिती हवी. ती तुला दुसरे कोण देणार?

मी बंगळूरमध्ये परदेशातल्या रुग्णालयांचे स्कॅन रात्री वाचण्याचे काम केले आहे, हे तुला ठाऊक आहे. तासाला किती स्कॅन वाचले याचा फलक समोर असे आणि चिठ्ठीबाबत शंका आली तर विचारायला कोणी नसे. पगार उत्तम होता. माझी उमेदीची वर्षे तिथे गेली याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या काळात मी वाचलेल्या एकाही माणसाचा चेहरा माझ्या आठवणीत नाही. मी बेळगावला परतले तेव्हा सोबतच्यांनी मला वेड्यात काढले, घरातही बरेच दिवस बोलणी ऐकली. इथे मी प्रत्येक रुग्णाशी बोलते म्हणून माझे रिपोर्ट उशिरा होतात, अशी तक्रार अजूनही होते. होऊ दे. हिशेबाच्या वहीत माझी पद्धत तोट्याची दिसते, पण तिने वाचवलेल्या बायॉप्सी, टळलेल्या सुया आणि वेळेत दिलेली औषधे कोणत्याही वहीत लिहिली जात नाहीत, आणि म्हणून ती मोडावी असे मला कधी वाटले नाही. तुला हे हट्टाचे वाटत असेल तर वाटू दे. पण हा हट्ट तूही धरावास अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा रेडिओलॉजी घे. पण 'शांत आयुष्य' हवे म्हणून घेणार असशील, तर घेऊ नकोस आणि ती जागा दुसऱ्याला जाऊ दे.

कॉलेज निवडताना नुसती यंत्रांची यादी पाहू नकोस. एमआरआयचे चुंबक किती टेस्ला ताकदीचे आहे यापेक्षा, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी सोनोग्राफी स्वतःच्या हाताने करतात की मागे उभे राहून पाहतात, हे तिथल्या मुलांना विचार. सोनोग्राफीइतके रुग्णाशी बोलायला लावणारे दुसरे शिक्षण आपल्या शाखेत नाही. सर्जन आणि छातीचे डॉक्टर रेडिओलॉजीच्या खोलीत येऊन चर्चा करतात का, तेही विचार. बेळगावातच जागा मिळत असेल, तर केवळ बंगळूरच्या नावासाठी ती सोडू नकोस. उद्यमबाग, निपाणी, खानापूरचे जंगल आणि अथणीचे मेंढपाळ तुला एकाच ओपीडीत भेटतील.

पसंतीक्रम भरण्याची मुदत जवळ आली असेल. यादी कुलूपबंद करण्यापूर्वी मला दाखव, आणि येताना कन्नडची शिकवणी कोणाकडे लावणार आहेस तेही ठरवून ये.

तुझी,
मॅडम