मित्राला सुतक नसतं

"मॅडम, विषय काढला की मुलं रडतात. मग काढायचाच कशाला?"

मी मुलांची समुपदेशक. शाळेतलं कुणी वारलं की त्याबद्दल मुलांशी बोला असं सांगते, आणि शाळांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली समोरच्याचं बोलून व्हायच्या आतच पुढचं कळतं. कोविडनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातल्या शाळा उघडल्या, तेव्हापासून तर फारच. कुठे गणिताचे सर गेलेले, कुठे घंटा देणारे मामा. बहुतेक शाळांनी एकच केलं. परिपाठाला दोन मिनिटं मौन, फळ्यावर रंगीत खडूने 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि लगेच राहिलेला पोर्शन.

या प्रश्नाचं माझं उत्तर एका सातवीतल्या मुलाने पक्कं केलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नावं घेत नाही, हजेरी क्रमांकांवर भागवते. गोष्ट तशीही क्रमांकांचीच आहे.

१७ नंबरचा मुलगा दिवाळीच्या तोंडावर डेंग्यूने गेला. शोकसभा झाली, हार घातलेला फोटो आठवडाभर ऑफिसबाहेर राहिला. सुट्टीनंतर वर्गशिक्षिका बाईंनी नव्या महिन्याचं हजेरीपत्रक लिहायला घेतलं. जनरल रजिस्टरमध्ये 'मयत' असा शेरा पडून नाव कमी झालं होतं, त्यामुळे खालचे सगळे एकेक घर वर सरकले. १८ चा १७ झाला. हा १८ म्हणजे त्याचा बाकावरचा सोबती.

बाई 'सतरा' म्हणाल्या की वर्गात शांतता. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं, पोराचं लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी रागावल्या. चौथ्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

आई त्याला घेऊन आली. "आम्ही घरात नावसुद्धा काढत नाही हो. मोबाईलमधले दोघांचे फोटो पण मी काढून टाकले." मायेनेच केलं होतं तिने. तेवढ्यासाठी मी तिला बोल लावला नाही.

पहिल्या भेटीत मीच माती खाल्ली. "त्याची आठवण येते का रे?" म्हणून विचारलं. या प्रश्नाला बारा वर्षांचा मुलगा काय उत्तर देणार? "नाही," म्हणाला आणि कंपासपेटीचं झाकण उघड-बंद करत बसला. दुसऱ्या वेळी त्याला पत्र लिहायला सांगितलं. चार घड्या घातलेला कोरा कागद परत आला.

तिसऱ्या वेळी सहज म्हटलं, "क्रिकेट कसा खेळायचा तो?"

"चांगला."

"खरंच?"

बराच वेळ गेला. मग हळूच, दाराकडे बघत, "रडीचा डाव खेळायचा. आऊट झाला तरी बॅट सोडायचा नाही. ट्रायल बॉल होता म्हणायचा."

आणि मग बांध फुटला. "शोकसभेत सगळे म्हणाले तो गुणी होता, कधी कुणाशी भांडला नाही. माझ्याशी तर रोज भांडायचा. मी त्याला म्हटलं, उद्यापासून माझ्या बाकावर बसू नको." थांबला. "दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला. आणि आता बाईंनी त्याचा नंबर मलाच दिला."

'तुझी काही चूक नाही रे बाळा' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. ते त्याला कुणीही सांगितलं असतं आणि त्याने कुणाचंही मानलं नसतं. मी विचारलं, "डेंग्यू कशाने होतो?"

"एडिस डास. आम्हाला आहे ते."

"डास चावल्यावर ताप कधी येतो?"

हे माहीत नव्हतं. मी सांगितलं, चार ते दहा दिवसांनी. तो बोटं मोजायला लागला. उलटी मोजत गेला, भांडणाच्या दिवसापाशी आला, पुढे गेला. "म्हणजे आम्ही भांडलो तेव्हा डास आधीच चावला होता?"

"तूच हिशोब केलास."

मग तो रडला. असा की बाहेरून आई दारात धावत आली. मी हातानेच तिला थांबवलं. एवढ्या वर्षांत जी थोडी कामं मनासारखी झाली, त्यांत ती दहा मिनिटं मी धरते.

त्या रात्री एक गोष्ट लख्ख दिसली. घरच्यांना दहावा असतो, तेरावा असतो, वर्षश्राद्ध असतं, दरवर्षी पितृपक्ष असतो. बाकावरच्या मित्राला काय असतं? मित्राला सुतक नसतं. ज्या दुःखावर समाज हक्कच मान्य करत नाही, अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या दशकात लिहिलं. शाळा अशा दुःखांनी भरलेली असते. मधल्या सुट्टीत डब्यातला अर्धा लाडू ज्याच्याबरोबर रोज खाल्ला, तो कागदोपत्री आपला कुणीच नसतो.

फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं की शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं. १९९६ मध्ये काही संशोधकांनी याच्या उलट मांडणी केली. नातं तुटत नाही, फक्त रूप बदलतं. मी या दुसऱ्या बाजूची, लपवत नाही. पितरांना पान वाढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे परदेशातून शिकावं लागावं, याची गंमतही वाटते.

म्हणून शाळांना सांगते, विषय काढा. रडू तुम्ही विषय काढल्याने येत नाही, ते आत असतंच. मुलांना 'वारला' असं सरळ सांगा. 'झोपला', 'देवाघरी गेला' म्हटलं की लहान वर्गातली पोरं रात्री झोपायला घाबरतात. आठवणी सांगताना विशेषणं नकोत. 'मनमिळाऊ' या शब्दात कुठलंच मूल दिसत नाही. त्याने काय केलं, काय म्हणायचा, कशावर हटून बसायचा, ते सांगू द्या. आधी घरच्यांना विचारा. आणि पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलीसाठी जे कराल तेच सेविका मावशींसाठी करा. मुलं हा फरक बरोबर टिपतात.

आत्महत्या असेल तर जास्त जपून. कशी केली, कुठे केली याची चर्चा नको, उदात्तीकरण नको, पण नाव गाळणंही नको. कुणी मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल किंवा 'मला त्याच्याकडे जायचंय' म्हणत असेल, तर वाट बघू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

बाईंनी १७ ची ओळ वर्षअखेरपर्यंत कोरी ठेवली आणि १८ ला त्याचा १८ परत दिला. शेवटचा क्रमांक आणि पटसंख्या जुळेना, म्हणून ऑफिसात कुरकुर झाली. ती बाईंनी ऐकून घेतली. एका तासाला वर्गाने चिठ्ठ्या लिहिल्या. 'माझा खोडरबर त्याच्याकडेच राहिला.' 'पाढे म्हणताना नुसते ओठ हलवायचा.' १८ नंबरने ट्रायल बॉलचं लिहिलं. चिठ्ठ्या गेलेल्या मुलाच्या आईकडे पोचल्या. ट्रायल बॉलची वाचून ती आधी हसली म्हणे. "घरी सापशिडीतसुद्धा असंच करायचा."

जूनमध्ये आठवीत दुसऱ्या गावाहून एक मुलगा आला. आडनावाच्या क्रमाने तो नेमका १७ वर बसला. बाईंनी घाबरून फोन केला, काय करू? म्हटलं, मुलांनाच विचारा. दोन दिवसांनी पुन्हा फोन. हा नंबर कुणाचा होता ते पोरांनी मधल्या सुट्टीत त्याला अख्खं सांगितलं होतं. १८ ने त्याला शेजारी बसायला घेतलं, आणि ट्रायल बॉल मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.