जीबी, टीबी आणि ‘हरवलेली’ जागा : वाचकांची प्रश्नोत्तरे

नवी हार्ड डिस्क घेतली आणि जागा कमी भरली, या एकाच तक्रारीची पत्रे इतक्या सातत्याने येत आहेत की या वेळी साठवणुकीच्या एककांविषयीचेच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, पण संगणकावर ती ९३१ जीबीच दिसते. दुकानदार म्हणतो, फॉरमॅटिंगमध्ये तेवढी जागा जातेच. भाचा म्हणतो, आत कंपनीने काहीतरी दडवून ठेवले आहे. परत करावी का? (नागपूर)

उत्तर : परत करू नये. दोघांचेही म्हणणे ऐकीव आहे. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या दशमान पद्धतीने मोजतात. त्यांच्या हिशेबी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि तेवढे बाइट आपल्या डिस्कवर आहेत. विंडोज मात्र १०२४ ला तीनदा गुणून येणारे १,०७,३७,४१,८२४ बाइट म्हणजे एक जीबी असे धरते, त्याने भागाकार करते आणि आलेल्या ९३१ पुढे ‘जीबी’ हीच अक्षरे लिहिते. वास्तविक १०२४ च्या पटीतील एककांना किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र नावे आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ च्या अखेरीसच ठरवून दिली. ती वापरली असती, तर हा प्रश्न आपल्याला पडलाच नसता. मॅकवर २००९ पासून सरळ दशमान मोजणी होते, त्यामुळे हीच डिस्क तिथे एक टीबीच दिसेल. फॉरमॅटिंगला लागणारी जागा या फरकापुढे नगण्य असते. डिस्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये बाइटचा पूर्ण आकडा दिलेला असतो, तो वाचावा, एक लाख कोटीपेक्षा बराच कमी असेल, तरच बिल घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जावे.

प्रश्न : एक जीबी म्हणजे १००० एमबी की १०२४? परीक्षेत काय लिहावे? (लातूर)

उत्तर : सहसा १०२४ अपेक्षित असते, पण आपल्या नेमलेल्या पुस्तकात काय दिले आहे ते शिक्षकांना विचारून घ्यावे.

प्रश्न : इंटरनेटची शंभर एमबीची योजना घेतली आहे, पण डाउनलोड अकराच्या वर जात नाही. (ठाणे)

उत्तर : जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि डाउनलोड बाइटमध्ये दिसते, एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून शंभरला आठाने भागले की १२.५ येतात, तेव्हा अकरा योग्यच आहे. विक्रेते ‘मेगाबिट’ हा शब्द गिळून नुसते ‘शंभर एमबी’ म्हणतात, ही लबाडी आता थांबली पाहिजे.

प्रश्न : नोकरीच्या अर्जासाठी फोटो ५० केबीपर्यंतच हवा आहे. माझ्या फोटोच्या माहितीत ४९.८ केबी आणि ५२ केबी असे दोन आकडे दिसतात आणि संकेतस्थळ फोटो नाकारते. (सोलापूर)

उत्तर : त्याच चौकटीतला कंसातला आकडा आपण पाहिलेला नाही, तो ५१,००० बाइटच्या आसपास असणार. १०२४ ने भागल्यास ते ४९.८ केबी होतात आणि १००० ने भागल्यास ५१. संकेतस्थळ बहुधा दुसऱ्या पद्धतीने मोजत असावे. डिस्कवर जागा ४,०९६ बाइटच्या ठोकळ्यांनी दिली जाते. आपल्या फोटोला असे तेरा ठोकळे लागले, म्हणून ५२ दिसतात, आणि त्या आकड्याचा अर्जाशी संबंध नाही. फोटो ४५,००० बाइटच्या आत आणावा म्हणजे कोणत्याही मोजणीत तो बसेल. तरीही नाकारला गेल्यास शेवटच्या तारखेची वाट न पाहता अर्जावरील मदत क्रमांकावर विचारावे.

प्रश्न : ऑनलाइन सवलतीत दोन टीबीचा पेनड्राइव्ह सहाशे रुपयांना मिळाला. मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ त्यावर घेऊन मोबाइलमधून काढून टाकले. सगळी नावे दिसतात, पण निम्म्याहून अधिक व्हिडिओ उघडत नाहीत. दिवाळीपासून असेच आहे. हा १०२४ चाच फरक का? (फोंडा, गोवा)

उत्तर : नाही, ही फसवणूक आहे. १०२४ च्या हिशेबाने टीबीच्या पातळीवर सुमारे नऊ टक्के आकडा कमी दिसतो, पण एकही फाइल बिघडत नाही. अशा ड्राइव्हमध्ये बहुधा ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि तिच्या नियंत्रकात खोटी क्षमता भरलेली असते. संगणक ड्राइव्हलाच त्याची क्षमता विचारतो, त्यामुळे ‘प्रॉपर्टीज’मध्येही तेच खोटे उत्तर दिसते. खरी जागा संपली की पुढचे व्हिडिओ आधीच्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. फायलींची यादी मात्र ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात शाबूत राहते, म्हणून नाव दिसते, आकार दिसतो आणि आत काहीच नसते. ‘टीबीमध्ये थोडे इकडेतिकडे होतेच’ या सर्वसाधारण समजुतीच्या आडोशाने हे विक्रेते सुटतात, याचा मला विशेष संताप आहे.

आपण इतके महिने थांबायला नको होते. आता त्या ड्राइव्हवर काहीही नवे लिहू नये, आणि विंडोजने दुरुस्ती किंवा फॉरमॅट सुचवले तरी ‘नाही’ म्हणावे. मोबाइलमधील ट्रॅश, क्लाउडवरील प्रत आणि लग्नाच्या छायाचित्रकाराकडील मूळ फायली आजच तपासाव्यात. जे लिहिलेच गेले नाही, ते कोणीही परत आणू शकत नाही. सुरुवातीच्या भागातले किती वाचेल, हे डेटा रिकव्हरीच्या जाणकाराला ड्राइव्ह दाखवल्याशिवाय सांगता येणार नाही. न पाहताच शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्याकडे तो देऊ नये. बिल आणि जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. यापुढे कोणताही नवा ड्राइव्ह रिकामा असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या मोफत साधनाने पूर्ण भरून, परत वाचून तपासावा, आणि दुसरी प्रत झाल्याशिवाय मूळ फायली काढू नयेत.

प्रश्न : मराठी मजकुराची फाइल तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा मोठी का होते? (बेळगाव)

उत्तर : अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि साध्या इंग्रजी अक्षराला एक. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून त्याचे पंधरा बाइट होतात. जागा वाचवण्यासाठी रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नये. अख्ख्या कादंबरीचा मजकूरसुद्धा मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढ्या जागेत मावतो.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील स्कॅन केलेली पाने विंडोजवर ४० टीबी भरतात. ४० टीबीच्या साठवणुकीची मागणी नोंदवावी का? (पुणे)

उत्तर : नोंदवू नये. विंडोजचे ४० टीबी म्हणजे विक्रेत्याचे जवळपास ४४ टीबी, त्यामुळे अखेरची चार टीबी पाने बाहेर राहतील. केबीला हा फरक २.४ टक्के असतो, तो एमबीला ४.९, जीबीला ७.४ आणि टीबीला १० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून मोठ्या खरेदीत ‘साधारण तेवढेच’ ही भाषा चालत नाही. मागणीपत्रात क्षमता बाइटमध्ये लिहावी, ती डिस्क बिघडल्यास लागणाऱ्या राखीव डिस्क सोडून उरणारी वापरण्याजोगी जागा असावी, असे स्पष्ट नमूद करावे, आणि निविदा काढण्यापूर्वी मसुदा एखाद्या स्वतंत्र साठवणूक तज्ज्ञाला दाखवावा. पुरवठादाराच्याच माणसाकडून तो तपासून घेऊ नये.