सीमाभागावर पीएचडी करतेय. हा अभ्यास चळवळीच्या उपयोगी कसा पडेल?

आधी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात असलेल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी गावात आठवडाभर राहा. आमच्या शेजारच्या आजी जमिनीचा कन्नड उतारा पदराआड धरून वाचणारा शोधत फिरतात. सीमा म्हणजे काय ते तिथे कळतं. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाची सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेतही हवीत, हे संरक्षण कागदावर आहे. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिनी, सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत चालणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असतं? गाववार जनगणनेचे आकडे काढून द्या. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ‘खेडे हा घटक’, म्हणजे प्रत्येक गावातल्या बहुसंख्यांची भाषा पाहून सीमा ठरवा, ही मागणी अशाच आकड्यांवर उभी राहते. आणि कृपा करून प्रबंधाचा सारांश मराठीत लिहा, त्याच गावात वाचून दाखवा.