रिमेक मागण्याआधी

कोणत्या जुन्या गेम्सचे रिमेक यायला हवेत याची तू यादी मागितलीस, पण आधी एक सांगतो. जुना आणि आवडता, एवढ्यावर गेम रिमेकला लायक ठरत नाही. आज खेळताना नेमकं काय खुपतं ते बघ. फक्त ग्राफिक्स खुपत असतील तर रिमास्टर, म्हणजे तोच गेम चकचकीत करून, पुरे. कंट्रोल्स, कॅमेराच नकोसे होत असतील तर रिमेक, म्हणजे गेम नव्याने बांधणं. १९९८ च्या 'रेसिडेंट एव्हिल २' या हॉरर गेममधला स्थिर कॅमेरा २०१९ च्या रिमेकमध्ये थेट नायक लिऑनच्या खांद्यामागे आणला. पोलीस स्टेशन तेच, तरी पुन्हा टरकायला होतं.

उलट 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' बघ. २००४ मध्ये लांबचा प्रदेश धुक्यात झाकलेला असायचा. २०२१ च्या रिमास्टरमध्ये ते धुकं गेलं आणि गेममधल्या माउंट चिलियाड या डोंगरावरून शहरं अगदी हाकेच्या अंतरावर दिसायला लागली. एवढा अवाढव्य वाटणारा नकाशा एकदम चिमुकला! पुढे २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या धाटणीचं वातावरण परत आणावं लागलं.

माझं मत विचारशील तर रिमेकचा पहिला मान २००५ च्या 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' या रेसिंग गेमचा. २०१२ चा त्याच नावाचा गेम हा त्याचा रिमेक नव्हे, घेताना फसू नकोस. शहर वेगळं, जुन्यातला खलनायक रेझरचा तर पत्ताच नाही. नुसतं रिमास्टर करायचं तरी गाड्यांचे, गाण्यांचे परवाने नव्याने घ्यावे लागणार, खरी मेख तिथेच आहे. तोवर कुणाकडे जुनी डीव्हीडी मिळाली तर वाइडस्क्रीनचा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) टाकून खेळ. गेमच्या चित्रावरचा तो पिवळट रंग घालवणारे मॉडही आहेत, पण पहिल्या वेळी नको.